शिरुई लिलीला तोच डोंगर का लागतो

मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यात शिरुई नावाचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर त्याच नावाचा डोंगर. उंची २८३५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी जवळपास बाराशे मीटर वर. मे महिन्याच्या मध्यापासून जूनपर्यंत या डोंगराच्या वरच्या गवताळ उतारांवर फिकट गुलाबी, घंटेच्या आकाराची, माना खाली घातलेली फुलं येतात. हीच शिरुई लिली. शास्त्रीय नाव लिलियम मॅक्लिनी. १९८९ पासून ते मणिपूरचं राज्यफूल आहे.

या फुलाबद्दल एक वाक्य हमखास वाचायला मिळतं : जगात दुसरीकडे कुठेही लावलं तरी ते जगत नाही. वाक्य ऐकायला छान आहे, पण खरं नाही. स्कॉटलंडमधल्या बागांत ही लिली कित्येक दशकं बियांपासून वाढवली जाते आणि नेमाने फुलते. उलट शिरुईहून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या इम्फाळमध्ये कुणी हौसेने कंद उपटून आणून अंगणात लावला, तर तो सहसा तग धरत नाही. जवळ मरते आणि हजारो किलोमीटर लांब जगते, हे कोडं सोडवायला घेतलं की एखादी वनस्पती दुर्मिळ का होते ते बरंच उलगडतं. तिला वाचवायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हेही त्यातच दडलेलं आहे.

आधी ही लिली कोणती ते पाहू. आपण लिली या नावाने बऱ्याच वनस्पतींना हाक मारतो. पहिल्या पावसानंतर कुंडीत उगवणारी रेन लिली आणि तळ्यातली वॉटर लिली यांचा खऱ्या लिलीशी जवळचा संबंध नाही. सह्याद्रीतली कळलावी त्या मानाने जवळची, पण तिचं कुळही वेगळं. खऱ्या लिली, म्हणजे लिलियम या गटातल्या, जगात साधारण शंभर जातींच्या आहेत आणि त्या सगळ्या उत्तर गोलार्धातल्या, बहुतेक थंड मुलखातल्या. दक्षिण भारतात रानात उगवणारी खरी लिली एकच : निलगिरी आणि पळणीच्या उंच गवताळ माळांवरची, लांबट पांढऱ्या फुलांची निलगिरी लिली. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत एकही नाही. पाऊस आपल्याकडे भरपूर आहे, गवताळ पठारंही आहेत; कमी पडते ती उंची, आणि उंचीबरोबर येणारी थंडी.

कंदापासून सुरुवात

थंडी एवढी महत्त्वाची का, हे लिलीचा कंद हातात घेतला की लवकर कळतं. शिरुईचा कंद अर्थातच नको, नर्सरीत शोभेच्या लिलीचे कंद मिळतात, त्यातला एक घेऊन बघा. कांदा काढला की त्याची मुळं वाळतात, वरची साल कागदासारखी कोरडी होते आणि चाळीत भरून ठेवला की तो महिनोन्‌महिने टिकतो. लिलीच्या कंदाला अशी सालच नसते. जाड, मांसल, पांढरट खवले एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. बोटाने जरा ओढलं तर एक खवला सुटून हातात येतो. बुडाशी असलेली मुळं बारा महिने जिवंत असतात. वरचं खोड आणि पानं हिवाळ्यात वाळून गेली तरी जमिनीखालचं घर चालूच असतं.

म्हणजे हा कंद उघडा आहे. तो कोरडा पडला तर सुकतो, पाण्यात उभा राहिला तर कुजतो. त्याला ओलसर पण पाणी साचू न देणारी माती लागते, आणि ती वर्षभर लागते. डोंगराच्या तीव्र उतारावर कुजलेल्या गवतापासून झालेल्या काळ्या, भुसभुशीत मातीत हे नेमकं मिळतं. पाऊस कितीही पडला तरी पाणी खाली निघून जातं आणि ओल मात्र मातीत राहते.

आता तापमान. वनस्पती दिवसा उजेडात साखर तयार करते आणि चोवीस तास श्वासोच्छ्वासात ती खर्चत असते. हवा जितकी गरम, तितका हा खर्च जास्त. थंड प्रदेशातल्या वनस्पतीला उष्ण रात्री मिळाल्या की दिवसाची कमाई रात्रीतच संपायला लागते आणि कंदात शिल्लक पडत नाही. एखादं वर्ष ती जुन्या साठ्यावर काढेल, फूलही देईल. म्हणूनच उपटून आणलेला कंद पहिल्या वर्षी फुलला की नेणाऱ्याला वाटतं, जमलं! पुढच्या वर्षी बारीक खोड येतं, नंतर काहीच येत नाही. त्यातच गरम आणि ओल्या मातीत कंद कुजवणाऱ्या बुरशा जोमाने वाढतात आणि साल नसलेला कंद त्यांना आयता सापडतो. शिवाय लिलीच्या कंदांना हिवाळ्यातले थंड महिने लागतात. त्या गारव्याशिवाय पुढच्या वर्षीचा कोंब नीट जोर धरत नाही.

इम्फाळ सुमारे ७८० मीटरवर आहे. शिरुईचा माथा त्याच्या दोन हजार मीटर वर. साधारण हिशेब असा की हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे दोन ठिकाणांत बारा-तेरा अंशांचा फरक. स्कॉटलंडमध्ये उंची नसली तरी उन्हाळा थंड, दमट आणि ढगाळ असतो, हिवाळा गार असतो. लिलीच्या दृष्टीने शिरुईच्या माथ्याचं हवामान इम्फाळपेक्षा स्कॉटलंडला जास्त जवळचं. कोड्याचं उत्तर एवढंच आहे. त्यात गूढ काही नाही, आणि मला विचाराल तर गूढ नसलेलं हे उत्तरच जास्त सुंदर आहे.

फूल खाली मान का घालतं, यालाही असंच सरळ कारण असावं. ही लिली फुलते तेव्हा ईशान्येत पावसाचे दिवस असतात. आभाळाकडे तोंड केलेल्या फुलात पाणी भरलं असतं आणि पराग भिजून वाया गेले असते. झुकलेल्या फुलाच्या सहा पाकळ्या परागांवर छत्र धरतात. बाहेरून त्या जरा गडद गुलाबी-जांभळट आणि आतून फिकट असतात, त्यामुळे चढ चढताना खालून वर पाहणाऱ्याला आणि वरून पाहणाऱ्याला एकच फूल वेगळ्या रंगाचं दिसतं.

माथ्यावर कशी अडकली

एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न : हवामान जुळणारे इतर डोंगर ईशान्येत आहेतच, मग ही लिली शिरुई आणि आसपासच्या मोजक्या माथ्यांपुरतीच का?

इथे थोडं मागे जावं लागतं. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच थंड होती. आज दोन-अडीच हजार मीटरवर सापडणारं हवामान तेव्हा पुष्कळ खाली उतरलेलं होतं. अशा काळात थंडी मानवणाऱ्या वनस्पतींना एका डोंगररांगेतून दुसरीत पसरायला वाट मोकळी असते. पुढे हवा तापत गेली तसा हा थंड पट्टा वर सरकला. त्याच्याबरोबर वनस्पतीही पिढ्यान्‌पिढ्या वर सरकल्या आणि शेवटी माथ्यांवर जाऊन थांबल्या. खालची दरी त्यांच्यासाठी आता समुद्रासारखीच दुस्तर. अशा माथ्यांना वैज्ञानिक आकाशातली बेटं म्हणतात. बेटावर वेगळ्या पडलेल्या जिवांसारखंच इथेही होतं : शेजारच्या माथ्यावरच्या भाऊबंदांशी परागांची देवाणघेवाण तुटते आणि हजारो वर्षांत प्रत्येक माथ्याची वनस्पती आपापल्या वळणाने बदलत जाते. मणिपूर-नागालँडच्या सीमेवरच्या झुको खोऱ्यातली लिली शिरुई लिलीच्या इतकी जवळची आहे की तिला वेगळी जात मानायचं की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. निलगिरीची लिली आपल्या हिमालयातल्या नातेवाईकांपासून इतकी दूर कशी, हेसुद्धा बरेच अभ्यासक याच वाटेने समजावतात.

लिलीचं बी या दऱ्या ओलांडू शकत नाही का? बोंड वाळून तडकलं की आतून चपट्या, कागदासारख्या पातळ बिया निघतात आणि वाऱ्यावर जातात. पण वारा त्या काही मीटर, फार तर आणखी थोड्या अंतरावर नेतो. त्यातली बरीचशी गवतात अडकतात. एका माथ्यावरून दुसऱ्यावर नेमक्या योग्य मातीत बी पडणं हा फार दुर्मिळ योग.

मुंबईशी जोडलेलं एक नाव

या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तांगखुल नागा लोक हे फूल अर्थातच ओळखत होते. त्यांच्या भाषेत ते काशोंग तिमरावोन. डोंगरावर वास करणाऱ्या फिलावा देवीची ती लेक, अशी तिथली श्रद्धा. वनस्पतिशास्त्राच्या कागदावर मात्र ते फूल आलं ते १९४६ नंतर, फ्रँक किंग्डन-वॉर्ड या इंग्रज माणसामुळे. जवळजवळ पन्नास वर्षं तिबेट, चीन, ब्रह्मदेश आणि आसामचे डोंगर पालथे घालून बागांसाठी बिया जमवणं हेच याचं आयुष्य. युरोपातल्या बागांत हिमालयातली निळी खसखस रुजली ती त्याने १९२४ मध्ये आणलेल्या बियांमुळे. महायुद्ध संपल्यावर पडलेल्या अमेरिकन विमानांचा माग काढण्याच्या कामावर तो या भागात आला होता. फुलांचा हंगाम उलटून गेला होता. शिरुईवर त्याला वाळलेली बोंडं दिसली, लिलीच्या जवळच्या दुसऱ्याच एका गटातली वनस्पती असावी असा त्याचा अंदाज होता, आणि त्याने बी इंग्लंडला पाठवलं.

बी उगवलं. १९४८ मध्ये फुललेल्या झाडाला लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं पारितोषिकही मिळालं. त्याच वर्षी किंग्डन-वॉर्ड पत्नी जीनसह पुन्हा उखरुलला आला, या वेळी खास वनस्पती गोळा करायला. जीन माहेरची मॅक्लिन. तिचे वडील सर अल्बर्ट मॅक्लिन मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश होते. १९४९ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले शास्त्रज्ञ जे. आर. सीली यांनी या लिलीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला मॅक्लिनी हे नाव मिळालं ते जीनवरून. म्हणजे मणिपूरच्या राज्यफुलाच्या नावात मुंबईच्या एका न्यायाधीशाचं आडनाव आहे. जीन ही काही तंबू सांभाळणारी बायको नव्हती. अवघड मोहिमांत ती बरोबरीने चालली, आणि १५ ऑगस्ट १९५० च्या आसामच्या महाभूकंपात दोघं तिबेटच्या सीमेवर, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ असूनही वाचले. तरीही मला राहून राहून वाटतं, तिमरावोन हे नाव शास्त्राच्या वहीत चढलं असतं तर ते फुलाच्या गावाचं झालं असतं.

एक लक्षात ठेवण्यासारखं : १९४६ ला गोळा झालेलं बी १९४८ ला फुललं. लिलीच्या काही जाती बियांपासून फुलायला याहून खूप जास्त वर्षं घेतात. बागेतल्या निवांत वाफ्यात ही लिली लवकर येते. डोंगरावर, गवताच्या स्पर्धेत, तेवढं सोपं नाही.

गवत जाऊन बांबू येतो तेव्हा

शिरुईवरच्या लिलीला धोका आहे हे सगळेच सांगतात आणि बोट पर्यटकांकडे दाखवतात. ते चूक नाही. फूल तोडलं की त्या झाडाचं त्या वर्षाचं सगळं बी गेलं. कंद उपटला की झाडच गेलं. पण तोडणारे हात उद्या थांबले तरी लिली सुरक्षित होणार नाही, कारण तिची जागाच कमी होत चालली आहे.

माथ्याच्या उतारांवर बुटका रानबांबू पसरतो आहे. बांबू जमिनीखालून आडवी खोडं पाठवतो आणि एकेका कोंबाने पुढे सरकत जातो. गवत हिवाळ्यात वाळून आडवं पडतं, वसंतात जमिनीपर्यंत ऊन पोचतं आणि लिलीच्या कोंबाला वर यायला वाव मिळतो. बांबूचं रान बारमाही हिरवं आणि दाट. खाली ऊन पोचत नाही, पानांचा जाड थर साचतो आणि लिलीचं हलकं बी मातीला टेकतच नाही, वरच्या पाचोळ्यावर पडून वाळून जातं. मोठी झाडं काही वर्षं तग धरतात, फुलतातही, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. नवी पिढी मात्र येत नाही. शिरुईचे गावकरी बांबू उपटून काढायला डोंगरावर जातात, आणि माझ्या मते या फुलासाठी होणाऱ्या सगळ्या कामांत ते सर्वांत मोलाचं आहे. त्याचे फोटो निघत नाहीत, उत्सवात त्याला मंच मिळत नाही, आणि एकदा करून ते संपतही नाही, कारण जमिनीत राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो.

माथ्यावरचं गवत आपोआप गवतच राहत नाही, हे आपण कासच्या पठारावर पाहिलं आहे. फुलं वाचावीत म्हणून तिथे कुंपण घातलं, गुरांचं चरणं थांबलं, आणि मग उंच गवत माजून फुलं कमी झाल्याची तक्रार स्थानिक लोकांनी आणि अभ्यासकांनी केली. शेवटी कुंपण काढावं लागलं. शिरुईची माती वेगळी, वनस्पती वेगळ्या, त्यामुळे कासचा उपाय तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण जागेकडे न बघता नुसतं फुलाभोवती तार ओढली तर काय होतं, ते या उदाहरणात दिसतं.

तापमानवाढीचा मुद्दाही इथे अगदी ठोस आकड्यात मांडता येतो. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश हा हिशेब उलटा केला तर हवा एक अंशाने तापली की तेच हवामान मिळवायला सुमारे दीडशे मीटर वर जावं लागतं. डोंगर शंकूसारखा निमुळता असतो. शिखर आणि वनस्पतीची खालची हद्द यांतलं उभं अंतर निम्मं झालं तर उरलेली जागा निम्मी नाही, साधारण एक चतुर्थांश होते. २८३५ मीटरच्या वर शिरुईत जमीनच नाही. हिमालयातल्या एखाद्या वनस्पतीला अजून वर चढायला वाव असतो, या लिलीला तो फार थोडा आहे.

आणि डोंगराच्या पोटातही काही आहे. मणिपूर-नागालँडच्या पूर्व सीमेवरून, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे खडक वर उचलले जाऊन बनलेला एक पट्टा जातो. शिरुई त्याच पट्ट्यात येतो. या खडकांत क्रोमाइट असतं, ज्यापासून क्रोमियम मिळतं आणि ज्याच्याशिवाय स्टेनलेस स्टील होत नाही. उखरुल जिल्ह्यात क्रोमाइटचे साठे आहेत आणि खाणींच्या प्रस्तावांना तिथल्या लोकांनी वेळोवेळी विरोध केला आहे. खाण माथ्यावरच हवी असं नाही. खालच्या उतारावरचं जंगल आणि पाण्याची वाट मोडली तरी वरचं हवामान कोरडं पडू शकतं.

प्रयोगशाळेतली रोपं

कंदाचे खवले सुटे असतात हे वर आलंच आहे. लिलीची एक सोय त्यात आहे : योग्य परिस्थितीत एका खवल्याच्या बुडाशी बारीक नवे कंद फुटतात. ऊतीसंवर्धनाने, म्हणजे काचेच्या बाटलीत निर्जंतुक पोषणद्रव्यावर, खवल्याच्या छोट्या तुकड्यापासून शेकडो रोपं करता येतात. मणिपूरमधल्या संशोधकांनी शिरुई लिलीवर हे काम केलं आहे आणि ते आवश्यकच आहे. लोकांना विकत घ्यायला रोप मिळालं तर डोंगरावरचा कंद उपटण्याचं एक कारण कमी होतं.

पण त्याची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. एका कंदापासून केलेली हजार रोपं म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड हजार वेळा. एखादी बुरशी त्यातल्या एकाला मारू शकली तर सगळ्यांना मारू शकते. रानातल्या बियांपासून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं असतं. कुणी उन्हाला जरा जास्त टिकतं, कुणी ओलीला. बदलत्या हवेत जात तगायची असेल तर हा फरकच कामाला येतो. स्कॉटलंडच्या बागांतल्या लिलींची हीच अडचण आहे : त्या मोजक्या वेळी नेलेल्या बियांच्या वंशज आहेत. त्या जगतील, सुंदर दिसतील, पण डोंगरावरच्या साऱ्या विविधतेची जागा घेऊ शकणार नाहीत. बी डोंगरावरच पडावं, डोंगरावरच रुजावं आणि तिथल्याच कीटकांनी एका झाडाचे पराग दुसऱ्याला द्यावेत, यासाठी माथ्यावर मोकळं गवत हवं. पुन्हा बांबूपाशीच येऊन पोचतो आपण.

बघायला जायचं असेल तर

२०१७ पासून मणिपूर सरकार उखरुलला, बहुतेक वेळा मे महिन्यात, शिरुई लिली महोत्सव भरवतं. मे २०२३ मध्ये राज्यात हिंसाचार उसळल्यावर तो दोन वर्षं झाला नाही आणि २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा भरला. त्यातून गावाला उत्पन्न मिळतं, तांगखुल लोकांचं विणकाम, लोंग्पीची काळी दगडी भांडी आणि सिराराखोंगची लाल मिरची बाहेरच्यांना कळते, ही मोठी जमेची बाजू आहे. गर्दीचे दिवस आणि फुलण्याचे दिवस नेमके एकच असतात, ही अडचण. महोत्सव उखरुल आणि शिरुई गावात बघा, आणि डोंगर चढायचाच असेल तर गर्दी ओसरल्यावरच्या आठवड्यात चढा. फुलं तेव्हाही असतात.

मणिपूरमध्ये जाण्यासाठी इतर राज्यांतल्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं. राज्यातली परिस्थिती पाहूनच बेत आखा आणि वाटाड्या शिरुई गावातलाच घ्या.

वाटेबद्दल शेवटचं. लिलीचं बी रुजल्यावर सुरुवातीला जे वर येतं ते एखादं बारीक, अरुंद पान असतं, गवताच्या पात्यात सहज हरवणारं. फुललेलं झाड आपण ओळखतो आणि त्याला वळसा घालून जातो. त्याच्या भोवतीची रोपं दिसत नाहीत, आणि फुलाचा जवळून फोटो घ्यायला वाट सोडून दोन पावलं आत टाकली की पाय पडतो तो बहुतेक त्यांच्यावरच, कारण बरंचसं बी आईपासून तेवढ्याच अंतरावर पडलेलं असतं. लांबून फोटो घेता येईल अशी लेन्स न्या, किंवा वाटेच्या कडेला आलेल्या फुलांवर समाधान माना.